पडताळणीचे वाङ्मय

१

समीक्षेने कोणत्या लेखनाची दखल घ्यावी आणि कोणत्या लेखनाकडे पाठ फिरवावी, याचे काही अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहेत. कविता, कथा, कादंबरी आणि नाटक ही घरची मंडळी. चरित्र-आत्मचरित्र हे जवळचे आप्त. निबंध हा दूरचा, पण सणावाराला बोलवावाच लागणारा पाहुणा. या गोतावळ्यात ज्याची ओसरीवरही अद्याप कोणी विचारपूस केलेली नाही, असा एक गद्यप्रकार गेल्या काही वर्षांत मराठीत रुजला आहे. त्याला ‘तथ्य-पडताळणी’ असे काहीसे कोरडे नाव मिळाले आहे. कोणी पुढारी काही विधान करतो, कोणी एखादे छायाचित्र किंवा चित्रफीत पसरवतो. मग चार माणसे बसून ते खरे की खोटे हे शोधतात आणि शोधाची हकिगत महाजालावर प्रसिद्ध करतात. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज यांच्या मराठी आवृत्त्या हे काम करतात; बूम आणि आल्ट न्यूज यांचे असे लेखन प्रामुख्याने इंग्रजी-हिंदीत चालते. राजकीय विधान पारखून घ्यायचे तर विश्वासाने कुठे जावे, असे आज कोणी विचारले, तर उत्तरादाखल बहुधा हीच नावे पुढे केली जातात.

हे लेखन वाङ्मयाच्या कक्षेत येते कसे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या लेखनाच्या मुळाशी असलेली क्रिया वाचनाची आहे. हे शब्द प्रथम कोणी उच्चारले? त्यांच्या मागेपुढे काय होते? प्रवासात कोणता शब्द गळला, कोणता शिरला? पाठचिकित्सा म्हणतात ती याहून वेगळी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते तडीस गेले. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले वि. स. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक यांनी शेकडो पोथ्या समोर ठेवून जो पाठ स्वीकारला तो वर छापला. पण नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत, ते त्याच पानाच्या तळाशी दिले. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर आपला निर्णय करण्याची सामग्री वाचकाच्या हाती राहते. विश्वासार्हतेची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. जे साधन आपल्याला चुकीचे ठरवण्याची सोय वाचकाला करून देते तेच विश्वासार्ह. पडताळणीच्या वाङ्मयाला मी येथे हीच कसोटी लावणार आहे.

२

पालघर जिल्ह्याने या वाङ्मयाला जी कठीण परीक्षा द्यायला लावली, तिच्यापासून आरंभ करणे योग्य होईल. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक अशा तिघांना पोलिसांदेखत ठार मारले. मुले पळवणाऱ्या, अवयव काढून नेणाऱ्या टोळ्या रात्री हिंडतात, अशी अफवा त्या भागात आधीपासून फिरत होती. पुढे घटनेच्या चित्रफिती देशभर पसरल्या आणि त्यांतल्या एका आवाजाला राजकीय अर्थ प्राप्त झाला. गोंगाटात कोणी तरी ‘ओय, बस’ असे ओरडतो. ते शब्द ‘शोएब, बस’ असे आहेत, असे सांगण्यात येऊ लागले. एका नावाबरोबर हत्येला धर्म चिकटला.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. जुन्या पोथ्यांचे लेखनिक मजकूर ऐकून लिहीत तेव्हा अस्पष्ट शब्दाच्या जागी मनात आधीच असलेला शब्द उतरे. कानाला अर्धवट ऐकू येते आणि उरलेले अर्धे मन पुरवते. ‘ओय’चा ‘शोएब’ झाला तो कानामुळे झाला नाही. ऐकणाऱ्याला जे ऐकायचे होते त्यामुळे झाला. आल्ट न्यूज, बूम इत्यादींनी ती चित्रफीत पुन्हापुन्हा ऐकली आणि मूळ शब्द काय आहेत ते सांगितले. त्यांच्या कामातला उत्तम भाग असा की, ‘आम्ही सांगतो म्हणून माना’ असा त्याचा आविर्भाव नव्हता. चित्रफीत समोर होती. ज्याला कान आहेत त्याने पुन्हा ऐकावे. हीच तळटीप.

२२ एप्रिलला त्या वेळचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनीही या अपश्रुतीचा उल्लेख केला आणि अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून तिच्यात एकही मुसलमान नाही, असे सांगितले. खोट्याचे निराकरण झाले. परंतु समीक्षकाला येथे थांबता येत नाही. त्या यादीने उत्तर अचूक दिले, पण कोणत्या प्रश्नाचे? मारेकरी कोणत्या धर्माचे, या प्रश्नाचे. तो प्रश्न अफवेनेच उभा केला होता. यादीने त्याला उत्तर देऊन त्याची प्रतिष्ठा मान्य केली. तिघे का मेले, या प्रश्नाकडे जाणारी वाट त्या उत्तरातून निघत नव्हती. खोट्याला चोख उत्तर देतानाही खोट्याने आखून दिलेल्या रिंगणातच आपण खेळतो, ही या वाङ्मयाची पहिली मर्यादा.

दुसरी मर्यादा याहून जिव्हारी लागणारी आहे. गडचिंचल्यात दोन खोट्या गोष्टी होत्या: एक हत्येच्या आधीची, एक नंतरची. पहिलीने तीन माणसे मारली; दुसरीने देशाचे मन कलुषित केले. पडताळणी धावून आली ती दुसरीसाठी. पहिली अफवा पाड्यापाड्यांतून, तोंडातोंडी आणि मोबाइलवरून, तिथल्या माणसांच्या बोलीतून हिंडत होती. तिचे खंडन त्या बोलीत, त्या पाड्यांपर्यंत, वेळेवर पोचले नाही, हे घटनेनेच सिद्ध केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने वारंवार पुढे ढकललेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन घातले होते. यंत्राने आपल्या परीने दार ओढून घेतले. पण भयाला दाराची गरज नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच अफवेपायी जमावाने मारले, तेव्हाच हे कळून चुकायला हवे होते. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या बोधपटाची होती. तिचा शेवटचा, खुलासा करणारा भाग कापलेला होता. बोधवाक्य गाळून गोष्ट सांगितली की तिची दहशत होते, हे कथाकाराला तरी वेगळे सांगायला नको.

३

आता या लेखनाच्या शैलीकडे वळू. मराठी पडताळणीचा सर्वसाधारण लेख घ्या. आधी ‘दावा’, मग ‘पडताळणी’, शेवटी ‘निष्कर्ष’. आणि माथ्यावर ‘खोटे’, ‘भ्रामक’, ‘दिशाभूल करणारे’ यांपैकी एक शिक्का. चौकट वाईट नाही. भूमितीच्या प्रमेयालाही अशीच चौकट असते. परंतु आतले मराठी बहुधा हिंदी-इंग्रजीच्या ओझ्याखाली वाकलेले असते. सारे ‘आढळून येते’, ‘निदर्शनास येते’, ‘समोर येते’. कोणी काही शोधले, असे कर्त्यासकट क्वचितच लिहिले जाते. ही केवळ व्याकरणाची तक्रार नव्हे. ज्या वाक्यातून कर्ता नाहीसा होतो, त्यातून जबाबदारीही नाहीशी होते. ‘अमुक तारखेला आम्ही अमुक कार्यालयात विचारले आणि अमुक अधिकाऱ्याने हे सांगितले’ या साध्या वाक्यात जी ताकद आहे ती दहा ‘आढळून आले’मध्ये नाही. जे लेख मूळ चित्राचा पत्ता देतात, शोध कोणत्या शब्दांनी घेतला ते सांगतात, पाहिलेल्या पानाची प्रत जपून ठेवतात आणि पुढे चूक निघाली तर तळाशी दुरुस्ती छापतात, ते भाषेत खडबडीत असले तरी मी त्यांना उत्तम गद्य म्हणेन. अमेरिकेतील पॉइंटर संस्थेच्या आश्रयाखालील आंतरराष्ट्रीय जाळ्याने २०१६ मध्ये या क्षेत्रासाठी जी आचारसंहिता घातली, तिच्यातही निःपक्षपात, साधनांचा उघडपणा, पैशाचा उघडपणा, पद्धतीचा उघडपणा आणि दुरुस्तीची तयारी हीच पाच वचने आहेत. पाचांपैकी तीन उघडपणाची आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच्या उलट टोकाला नुसता शिक्का असतो. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःचा पडताळणी विभाग सुरू केला. सरकारी नोकरभरतीच्या बनावट जाहिराती, योजनांच्या नावाखालची फसवणूक अशा बाबतींत त्याचा उपयोग निर्विवाद आहे. ज्याच्या नावाने खोटे पत्र निघाले त्यानेच ‘हे माझे नव्हे’ असे सांगणे रास्त. पण एखादी बातमी सरकारला गैरसोयीची असते तेव्हा तिच्यावर मारलेल्या तांबड्या शिक्क्याखाली कागद असतो काय, हे पाहावे लागते. आणि नाकारणे म्हणजे खोडून काढणे नव्हे. २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती करून, केंद्राच्या कारभाराविषयी काय खोटे वा दिशाभूल करणारे आहे हे ठरवण्यासाठी सरकारी कक्ष नेमण्याची तरतूद झाली. कुणाल कामरा आणि इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचे मत दुभंगले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तरतूद घटनाबाह्य असल्याचे मत दिले आणि ती उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. कायद्याची भाषा बाजूला ठेवून मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे: लेखकाने स्वतःच्या पुस्तकावर स्वतःच अभिप्राय लिहून त्याला समीक्षा म्हणू नये.

सरकारी शिक्क्याला हे लागू असेल, तर बाकीच्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा: तपासायची विधाने निवडतो कोण? या संस्थांपैकी अनेकींना फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्याकडून कामाचा मोबदला मिळत आला आहे. आपल्या व्यासपीठावर फिरणारा मजकूर त्यांनी तपासावा, अशी ती व्यवस्था. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने अमेरिकेपुरती ती बंद करण्याचे जाहीर केले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या व्यवस्थेत राजकारणी व्यक्तीचे स्वतःचे उद्गार तपासणीतून वगळलेले असतात. परिणाम काय होतो? कोण्या अनामिकाने पसरवलेले जुने चित्र रोज तपासले जाते. मंत्र्याने व्यासपीठावरून सांगितलेला आकडा मात्र पुष्कळदा निसटतो. संस्था स्वतःच्या हिमतीवर तो तपासू शकतात, काही तपासतातही. परंतु ज्या कामाला पैसा मिळतो ते काम वाढते, हा नियम पत्रकारितेला जसा, तसा यालाही लागू आहे. मराठी वाचकाला हे वाङ्मय चोर सोडून सावल्यांचा पाठलाग करताना दिसते, ते यामुळे.

४

सावली आणि चोर यांतले हे अंतर पाहायचे असेल तर पालघर तालुक्यातल्या मुरबे गावाचा विचार करावा. सातपाटीच्या उत्तरेला, खाडीपलीकडे असलेले हे मच्छीमारांचे गाव. समोर पापलेटांसाठी नाव कमावलेला समुद्र. याच चंदेरी पापलेटाला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान दिला. उत्तरेला काही अंतरावर तारापूरचे अणुवीज केंद्र, त्याचे पहिले दोन संच १९६९ पासूनचे. पाठीशी बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. आणखी उत्तरेला डहाणू तालुक्यात वाढवण बंदर. आणि आता खुद्द मुरब्याच्या किनाऱ्यावर जे. एस. डब्ल्यू. समूहातील कंपनीच्या बंदराचा प्रस्ताव, जो २०२५ मध्ये पर्यावरणविषयक जनसुनावणीपर्यंत येऊन पोचला. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या पट्ट्यातल्या माणसाने जितकी राजकीय विधाने ऐकली असतील, तितकी क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असतील. विकास होईल, रोजगार मिळेल, मासेमारीला धक्का लागणार नाही, प्रदूषण नियंत्रणात आहे. उलट बाजूनेही: सारा समुद्र बंद होईल; गाव उठेल; एकही स्थानिक कामाला लागणार नाही.

यांतले एकही विधान रिव्हर्स इमेज सर्च नावाच्या युक्तीने तपासता येत नाही. ‘खोटे’ वा ‘खरे’ हा शिक्काही त्यावर बसत नाही, कारण ती बहुतेक भविष्यकाळाची विधाने आहेत. मग ती तपासायचीच नाहीत काय? वाढवणचेच उदाहरण घ्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी या बंदराला मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. मंजुरीच्या वेळच्या सरकारी पत्रकात सुमारे दहा लाख लोकांना रोजगाराची शक्यता सांगितली होती. पुढे सरकारी वक्तव्यांत बारा लाख हा आकडा रूढ झाला. मधले दोन लाख कुठून आले? दहा लाख तरी कुठून आले? प्रत्यक्ष किती आणि अप्रत्यक्ष किती? बांधकामापुरते किती आणि कायमचे किती? पालघरचे किती आणि देशभरातले किती? हिशेब कोणी केला आणि कोणत्या रीतीने? हे सारे वर्तमानकाळाचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे असतात किंवा नसतात. भविष्य तपासता येत नाही; भविष्याचा आधार म्हणून पुढे केलेला कागद तपासता येतो. कागदच नसेल, तर ‘आधार दाखवलेला नाही’ हे वाक्य ‘खोटे’ या शिक्क्यापेक्षा अधिक प्रामाणिक आणि अधिक जड आहे. आपल्या पडताळणीच्या वाङ्मयाला हे वाक्य अजून नीट वापरता येत नाही.

आणि कागद असतो तेव्हा? पर्यावरणीय आघात मूल्यांकनासाठी १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना आहे. जनसुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी, असे ती म्हणते; आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्यभाषेतही द्यावा, असे म्हणते. सारांश! शेकडो पानांचा सविस्तर अहवाल इंग्रजीत; मुरब्याच्या माणसाच्या वाट्याला त्याचे थोडक्यात मराठी. सारांश कोण करतो? ज्याला प्रकल्प करायचा आहे त्याचा सल्लागार. काय गाळायचे हे तो ठरवतो, आणि गाळलेले काय ते कळण्यासाठी मूळ वाचता यावे लागते. कादंबरीचा सारांश वाचून तिच्यावर मत देणाऱ्या परीक्षकाला आपण हसतो. येथे मात्र ज्यांचे आयुष्य पणाला लागले आहे त्यांना सारांशावर मत मागितले जाते, आणि ते बोलताना चढ्या आवाजात बोलले की त्यांना अज्ञानी म्हटले जाते. राजकीय विधान तपासण्याची साधने मराठीत आहेत काय, या प्रश्नाचा खरा काटा येथे आहे. साधने आहेत, पण ती ज्या भाषेत बोलतात ती भाषा, विधान ज्याच्यासाठी केले गेले त्याची नाही.

५

तरीही हताश होण्याचे कारण नाही, कारण या बाबतीत मराठी मनाला स्वतःची परंपरा आहे. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा त्यांनी आपल्याला एक साधा विवेक शिकवला: बखर वेगळी आणि अस्सल पत्र वेगळे. बखर नंतर लिहिली जाते, कोणाच्या तरी इच्छेने लिहिली जाते, तिला डौल असतो आणि तिची वाक्ये कानात राहतात. पत्राला डौल नसतो. त्यात उंटांचा दाणा, थकलेले पगार आणि उशिरा पोचलेली हुंडी असते. पण पत्रावर मिती असते आणि लिहिणाऱ्याचे नाव असते. ‘बखर’ हा शब्दच ‘खबर’च्या अक्षरांची उलटापालट होऊन आला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात, ती खरी असो वा नसो, आज मोबाइलवर येणारी प्रत्येक खबर बखरीचे गुण घेऊनच येते. चित्रांच्या बाबतीतही आपल्याला धडा मिळालेला आहे. शिवछत्रपतींचे म्हणून छापले जाणारे एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे होते, हे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि अस्सल चित्र पुढे आणले. आजची पडताळणी तेच करते. फक्त बेंद्र्यांना जहाजाने येणाऱ्या उत्तराची वाट पाहावी लागे.

राजवाड्यांच्या या विवेकाने पाहिले, तर महाजालावर अस्सल पत्रे पुष्कळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले शपथपत्रावर जाहीर करावे लागतात. ती शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था ती ‘मायनेता’वर एकत्र मांडते. शपथपत्र म्हणजे सत्य नव्हे. पण ते सहीचे विधान आहे, आणि पाच वर्षांपूर्वीच्या सहीशेजारी आजची सही ठेवता येते. खासदारांच्या प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली लेखी उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. सभेतले भाषण ही बखर, सभागृहातले उत्तर हे पत्र. दोन्हींत एकच आकडा आहे काय, एवढे पाहिले तरी अर्धे काम होते. प्रकल्पांचे अर्ज, अटी आणि मंजुऱ्या केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर, आणि सुनावणीच्या सूचना व सारांश राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. जे कुठेच नाही ते माहितीच्या अधिकारात मागावे: शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाने अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा असे ठरवले. ही मर्यादा जाचक म्हणून तिच्यावर टीका झाली, ती रास्तच. पण दीडशे शब्दांत असा प्रश्न विचारणे, की ज्याला टाळता येणार नाही, ही मराठी गद्यलेखनाची थोर कसोटी आहे. आमच्या कित्येक नामांकित निबंधकारांना ती उतरता येणार नाही.

अस्सल पत्र असले की काम संपले, असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. धर्माधिकारींच्या निधनानंतर, ३१ जुलै २०२३ रोजी, त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला होकार दिला. नाव तेच, अधिकार तोच, निर्णय परस्परविरोधी. बंदराचे समर्थक दुसरा कागद दाखवतात, विरोधक पहिला; आणि दोघेही म्हणतात की ‘अधिकृत’ कागद आमच्यापाशी आहे. येथे कोणतेही संकेतस्थळ आपल्याला वाचवू शकत नाही. दोन्ही आदेश शेजारी ठेवून त्यांतली कारणे वाचावी लागतात: प्रस्ताव किती बदलला, किनाऱ्यापासूनचे अंतर किती बदलले, नियम किती बदलले आणि माणसे किती बदलली. शिक्का निर्णयाला लागतो. विश्वास कारणांवर ठेवायचा असतो.

आणि काही अस्सल पत्रे महाजालावर नाहीतच. मच्छीमार सोसायट्यांच्या खरेदीच्या वह्या घ्या. कोणत्या हंगामात किती पापलेट आले, केवढे आले, काय भावाने गेले, हे तिथे वर्षानुवर्षे नोंदले जाते. ‘मासळी घटली’ हे वाक्य किनाऱ्यावर गाऱ्हाणे म्हणून ऐकले जाते. वहीसकट आले तर तो पुरावा होतो. हे नुसते कल्पनेतले नाही. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. नमुने, तपासणी समित्या आणि अहवाल असा प्रवास होऊन जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांवर भरपाईचा बोजा ठेवला. भरपाईचे पुढे काय होते हा वेगळा प्रश्न. पण ‘प्रदूषण नियंत्रणात आहे’ या विधानाची पडताळणी या किनाऱ्यावर प्रत्यक्षात कोणी केली असेल, तर ती मासे मारणाऱ्यांच्या समाजाने केली. तिला सहा वर्षे लागली, आणि ती कोणाच्याही मोबाइलवर शिक्का होऊन आली नाही.

६

अलीकडे तर सारे कष्ट वाचवणारी एक सोय झाली आहे. यंत्राला विचारावे, ‘हे खरे आहे काय?’ आणि यंत्र क्षणात, अस्खलित मराठीत, उत्तर देते. यंत्राला मी नावे ठेवणार नाही. मूळ कागद कुठे सापडेल हे त्याने सांगितले, तर ते चांगल्या ग्रंथपालाचे काम करते. पण त्याच्या अस्खलितपणाचेच मला भय वाटते. बखरीचा डौल आणि यंत्राचा अस्खलितपणा एकाच जातीचे: दोन्ही ठिकाणी वाक्य इतके गुळगुळीत असते की, त्याच्याखाली कागद आहे काय हे पाहावेसे वाटत नाही. उत्तराखाली दिलेला दुवा उघडून वाचण्याइतका धीर ज्याला आहे त्यानेच या सोयीच्या वाट्याला जावे.

एवंच, राजकीय विधाने पारखण्यासाठी विश्वासार्ह ठिकाणे कोणती, या प्रश्नाचे उत्तर पत्त्यांच्या यादीने देता येत नाही. पत्ते बदलतात, संस्था पालटतात, प्राधिकरणेही पालटतात. टिकते ती रीत: सहीचा कागद आधी, त्याचा अर्थ सांगणारा नंतर, आणि नुसता शिक्का मारणारा सर्वांत शेवटी. मराठीतल्या पडताळणीच्या लेखकांनी ही रीत अर्धी आत्मसात केली आहे. चित्रांच्या बाबतीत ते बेंद्र्यांचे शिष्य शोभतात; आकड्यांच्या आणि आश्वासनांच्या बाबतीत त्यांना राजवाड्यांकडे जावे लागेल. त्यांनी मोठ्या माणसांची विधाने उचलावीत, ‘आधार दाखवलेला नाही’ असे ठामपणे लिहावे, आणि गुजरातच्या सीमेपासून वसईच्या खाडीपर्यंत जी मराठी बोलली जाते तिला कळेल असे लिहावे.

उरला वाटा आपला, म्हणजे दिवाळी अंक वाचणाऱ्यांचा. कवितेतल्या एका शब्दाच्या पाठभेदावर आपण पानेच्या पाने भांडतो. हे भांडण मोलाचे आहे, कारण शब्द इकडचा तिकडे झाला की अर्थ बदलतो, हे त्यातूनच आपल्याला कळले. त्या कळण्याची गरज गडचिंचल्याला होती आणि मुरब्याला आज आहे. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल मराठीत आणून, गाळलेल्या मजकुरासकट, सुनावणीच्या तीस दिवसांत गावाच्या हाती देणारे चार विद्यार्थी आमच्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागातून निघाले, तर त्या वर्षी मराठी समीक्षेने काही काम केले, असे मी मानीन.